वरचे सतरा

बिल झालं ३६७ रुपये. गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने मशीनमध्ये ५०० हा आकडा घातला, पडद्यावर परत द्यायचे १३३ दिसले आणि गल्ला उघडला. एवढ्यात गिऱ्हाईक खिसा चाचपत म्हणतं, "थांबा ताई, वरचे सतरा देतो, तुम्हालाही सुट्ट्यांची अडचण नको." मुलगी थबकते. एकदा पडद्याकडे बघते, एकदा हातावर पडलेल्या दहा, पाच आणि दोनच्या नाण्यांकडे. मागे रांग वाढतेय. शेवटी ती सतरा रुपये परत करते आणि म्हणते, "राहू द्या काका, मी देते सुट्टे."

पेण तालुक्यातल्या डोलवी, वडखळ, गडब या महामार्गाकाठच्या पट्ट्यात असा प्रसंग कोणत्याही दुकानात घडू शकतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे देशभरातली माणसं इथे कामाला आली. त्यांच्यामागोमाग मार्ट, मेडिकल, बेकऱ्या, मोबाइलची दुकानं आली, आणि त्या दुकानांच्या गल्ल्यावर आसपासच्या गावांतली दहावी-बारावी झालेली मुलं-मुली उभी राहिली. ती अडखळली की रांगेतून कुणीतरी हमखास बोलतं, "आजकालच्या पोरांना साधी वजाबाकी येत नाही."

हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, आणि चुकीचाही. त्याच मुलीला कागद-पेन देऊन ५१७ वजा ३६७ करायला सांगा, ती करील. तिला वजाबाकी येते. तिला येत नाही ती वेगळीच गोष्ट आहे, आणि ती तिला कुणी शिकवलेलीच नाही. शाळेने नाही, दुकानमालकाने नाही, मशीनने तर नाहीच.

आधी तिच्या डोक्यात काय होतं ते पाहू. पाचशेतून तीनशे सदुसष्ट वजा करायचे, तेही शाळेच्या रीतीने. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून शेजारचा दशक सुटा करायचा. शेजारीही शून्यच, म्हणून पाच शतकांतलं एक शतक सुटं करायचं, त्याचे दहा दशक, त्यातला एक दशक मोडून दहा एकक. मग दहातून सात, नवातून सहा, चारातून तीन. कागदावर हे सोपं आहे, कारण प्रत्येक पायरीचा आकडा कागद धरून ठेवतो. तोंडी करताना ते सगळं डोक्याला धरून ठेवावं लागतं. हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात आणि तिची जागा फार लहान असते. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ती एका वेळी चारेक गोष्टी सांभाळते. दोन रकमा आणि सुटा केलेला दशक एवढ्यातच ती भरते. त्यात पिशवी हवी का विचारायचं, कार्डाचा नंबर घ्यायचा, रांगेतल्या माणसाचं कुरकुरणं ऐकायचं.

भीती या लहानशा जागेतही वाटेकरी होते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात माणसांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगून त्याच वेळी बेरजा करायला दिल्या होत्या. हातच्याच्या बेरजा आल्या की गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका एकदम वाढल्या. धास्तीच कार्यस्मृतीची जागा खात होती. म्हणजे "लवकर करा हो ताई" असं म्हणणारा माणूस त्या मुलीचा हिशेब लवकर होऊ देत नाही, तो लांबवतो.

आणि ते वरचे सतरा? तिथे नव्याने वजाबाकी करायची गरजच नव्हती. पडद्यावर १३३ होतेच. जे जास्तीचं आलं ते तेवढंच परत जायचं, म्हणून १३३ मध्ये १७ मिळवायचे, दीडशे. शंभराची एक आणि पन्नासची एक, दोन नोटांत काम संपतं. गिऱ्हाइकाने नेमके सतरा काढले ते याचसाठी. पण हे कळायला देणं-घेणं एका तराजूच्या दोन पारड्यांसारखं दिसावं लागतं. ज्याला फक्त "पडद्यावरचा आकडा काढून द्या" एवढंच सांगितलंय, त्याच्या दृष्टीने सतरा रुपये आले म्हणजे पडदा खोटा ठरला, आणि मग हातात धरायला काहीच उरत नाही.

आता वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला वळा. उन्हाळ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माळा विकणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींची शाळा चौथी-पाचवीतच सुटलेली असते. समजा माळ एकशे ऐंशीची ठरली आणि तुम्ही तीन घेतल्या. बाई कागद शोधत नाही. दोनशेच्या हिशेबाने सहाशे, वीस-वीस करून साठ कमी, पाचशे चाळीस. तुम्ही पाचशेच्या दोन नोटा दिल्यात. ती हजारातून पाचशे चाळीस वजा करायच्या फंदातच पडत नाही. कमरेच्या पिशवीतून पन्नास आणि दहा काढून तुमच्या हातावर ठेवते, "हे झाले सहाशे." मग दोनशेची नोट, "आठशे." आणखी एक दोनशेची, "हजार झाले बघा दादा."

काय केलं तिने? किमतीपासून सुरुवात केली आणि दिलेल्या रकमेपर्यंत चढत गेली. आधी जवळच्या शेकड्यापर्यंत, मग पुढे. हातचा नाही, सुटा दशक नाही. मुख्य म्हणजे मधला आकडा डोक्यात धरायचा नाही. तुमच्या तळहातावर पडलेल्या नोटाच कुठवर आलो ते सांगतात. शिवाय ती मोठ्याने मोजते, म्हणून तुमचाही हिशेब तिच्याबरोबर होतो. चूक झालीच तर तिथल्या तिथे दोघांच्या लक्षात येते. काउंटरवरच्या त्या मुलीने ३६७ पासून असंच मोजलं असतं तर? तीन, झाले ३७०. तीस, झाले ४००. शंभर, पाचशे. तीन पावलांत संपलं असतं.

ही बाजाराची रीत जगभर आहे आणि तिचा अभ्यासही झाला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अॅनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडून खरेदी करता करता हिशेब विचारले. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ क्रुझेरोचा एक असे दहा नारळ कितीला, असं विचारलं. त्याने ३५ वर शून्य दिलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, राहिला एक, ३५०. बाजारात मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. त्याच मुलांना तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत घातली, तर बरोबर उत्तरं सुमारे ३७ टक्क्यांवर आली.

आपल्याकडचा अभ्यास अगदी अलीकडचा, म्हणून जास्त बोलका. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना तपासलं आणि बाजारात काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांशी त्यांची तुलना केली. निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे सौदे तोंडी सोडवत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या वजाबाकी-भागाकारात अडत होती. शाळकरी मुलांचं नेमकं उलट. त्यांना पाटीवरचं जमत होतं, सौद्यातलं जमत नव्हतं. एकीकडची विद्या दुसरीकडे आपोआप वाहत नव्हती. मला या अभ्यासातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. बाजारातल्या हुशार मुलाचं कौतुक सगळेच करतात. शाळेत पास झालेल्या मुलाला दुकानात उभं केलं की त्याला काहीतरी नवीन शिकायचं असतं, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

"आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असणाऱ्यांची पिढी हिशेबाला पक्की होती. पण ते पाढे त्यांच्या पैशांना आणि मापांना चपखल बसत होते. रुपयाचे सोळा आणे, म्हणून अर्ध्याचं अर्धं करत जायचं: आठ आण्यांची अधेली, चारची पावली, दोनची चवली, मग आणा. चाळीस शेरांचा मण. पावकी येणाऱ्याला भाव लगेच सांगता येई. हाताखालचं नाणं आणि तोंडातला पाढा एकमेकांना ओळखत होते.

ती ओळख तुटली तेव्हा काय झालं? १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि आणा आला सव्वासहा नव्या पैशांचा. जुनी-नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालली, त्यासाठी सरकारी कोष्टक होतं: एका आण्याचे सहा नवे पैसे, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. पाढे तोंडपाठ असलेल्या पिढीलाही त्या काळात कोष्टक हाताशी ठेवावं लागलं. नाणी बदलली की हिशेबाची सवय नव्याने बसवावी लागते, माणूस कितीही हुशार असो.

नाण्यांच्या मालिकेचं हे शास्त्र मोठं गोड आहे. आज आपल्याकडे एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे अशी मालिका आहे. तिच्यात डोळे मिटून सर्वांत मोठ्या नोटेपासून खाली उतरत गेलं की कमीत कमी नोटा-नाण्यांत रक्कम होते. पण वीस पैसे आणि पंचवीस पैसे अशी दोन्ही नाणी चालत होती, तेव्हा ही रीत फसायची. चाळीस पैसे द्यायचे तर मोठ्यापासून उतरून पंचवीस, दहा आणि पाच, अशी तीन नाणी लागत. खरं तर विसाची दोन पुरत. जुन्या दुकानदारांच्या बोटांना हे ठाऊक असे.

सुट्ट्यांच्या हिशेबात महाराष्ट्रातला खरा तज्ज्ञ म्हणजे एसटीचा कंडक्टर. खड्ड्यांतून उडणाऱ्या गाडीत उभा राहून, एका हाताने दांडी धरून तो पेण, वडखळ, नागोठणे अशी तिकिटं फाडत जातो, आणि बोटं चामड्याच्या पिशवीच्या कप्प्यांतून नेमकी मोड उचलतात. तो प्रत्येक वेळी हिशेब करतो असं नाही. एका मार्गावर तिकिटांचे दर ठरावीक असतात, म्हणून शंभराच्या नोटेला अमुक गावाचं तिकीट वजा जाता काय उरतं, हे त्याच्या स्मृतीत जोडीने बसलेलं असतं. मोड नसली तर तिकिटामागे बाकी लिहून देण्याची त्याची पद्धत तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, उतरताना ती बाकी मागायला विसरणारेही आपणच. २०१८ च्या भाडेवाढीत महामंडळाने तिकिटं पाचच्या पटीत आणली ती या सुट्ट्यांच्या रोजच्या वादामुळेच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा अशा जोड्यांची एक दुसरी रांग कंडक्टरना तोंडपाठ करावी लागली, आणि त्यांनी ती केली. कारण दिवसभर तेच काम होतं.

मार्टमधल्या मुलीला हा सराव मिळत नाही. तिथे हजारो वस्तू, प्रत्येक बिल वेगळं, आणि हिशेब यंत्र करणार. गल्ल्याचं यंत्र मुळात हिशेबासाठी जन्मलंच नव्हतं. अमेरिकेतल्या डेटन गावच्या जेम्स रिटीने १८७९ मध्ये ते बनवलं, तेव्हा नोकरांनी पैसे लांबवू नयेत एवढाच हेतू होता. विक्रीची रक्कम दिसायची, मोड किती द्यायची हे माणसानेच ठरवायचं. परत द्यायची रक्कम यंत्र स्वतः दाखवू लागलं तशी चढत मोजण्याची गरज संपली. आता १३३ हा आकडा वाचायचा, तेवढे पैसे काढायचे आणि एकगठ्ठा हातावर ठेवायचे. काम जलद झालं, पण पैसे मोठ्याने मोजून देणं गेलं, आणि त्याबरोबर चूक पकडण्याची ती साधी सोयही गेली.

मग २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि हळूहळू भाजीच्या गाड्यापासून वडापावपर्यंत सगळीकडे क्यूआरचे कागद चिकटले. मी स्वतः त्याचा रोज वापर करतो आणि ती सोय मोठी आहे याबद्दल मला शंका नाही. पण गल्ल्यावरच्या माणसाचा सराव त्यामुळे आणखी विरळ झाला. एखाद्या संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटलेली असते, दुकान भरलेलं असतं आणि नेमकी रेंज जाते. मग सगळे एकदम पाचशेच्या नोटा काढतात. ज्या कामाची सवय सर्वांत कमी, ते सर्वांत जास्त गर्दीत करायची वेळ त्या मुलीवर येते.

डोलवीसारख्या ठिकाणी त्यात भाषेचीही भर पडते. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ, लिहिताना मात्र आधी सहा. जर्मन बोलणाऱ्या मुलांनाही ही अडचण येते. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या बालभारतीच्या समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचनही दिलं, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत मोठी माणसंही गडबडतात. बिहार-ओडिशातून आलेलं गिऱ्हाईक हिंदीत आकडा विचारतं, मुलगी मराठीत मोजते, पडद्यावर तो नुसता अंकांत असतो, आणि दोघं शेवटी इंग्रजी 'सिक्स्टी नाइन'वर येऊन थांबतात. या उड्यांत वेळ जातो.

आणि चुकीची किंमत कोण मोजतं? दिवसअखेर गल्ला जुळला नाही तर कमी पडलेले पैसे कॅशियरच्या पगारातून कापण्याची पद्धत बऱ्याच दुकानांत आहे. मुलं मुकाट्याने भरतात. कायदा याबाबतीत इतका ढिला नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने अशी कपात तेव्हाच चालू दिली, जेव्हा तोटा थेट कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेला असेल. तीही तोट्याच्या रकमेपेक्षा जास्त नाही, आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिल्याखेरीज तर नाहीच. २०१९ च्या वेतन संहितेनेही अशा कपातीवरची बंधनं कायम ठेवली आहेत. नव्या मुलीला एक दिवसही शिकवायचं नाही आणि महिनाअखेर पन्नास-शंभर कापून घ्यायचे, याला व्यवहार म्हणता येत नाही.

शिकवायला लागतंही फार थोडं. कामावर पहिल्या दिवशी गर्दी नसताना तासभर खेळण्यातल्या नोटा घेऊन चढतं मोजायचं: ३६७ चे पाचशे, ८४ चे दोनशे, ४१२ चे हजार. गिऱ्हाइकाने दिलेली नोट मोड परत जाईपर्यंत गल्ल्यात टाकायची नाही, बाहेर दिसेल अशी ठेवायची, म्हणजे "मी पाचशे दिले होते" या वादाला जागा राहत नाही. एक देवघेव पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही. मोडीचे पैसे हातात असतानाच "ही नोट बदलून द्या, ती द्या" असं करणाऱ्यांचा डाव याच गोंधळावर चालतो. आणि कुणी वरचे पैसे दिले की पडद्यावरच्या रकमेत ते मिळवायचे, एवढं एकदा समजलं की पुन्हा अडत नाही.

पण ही सवय दुकानात लागेपर्यंत थांबायचं कशाला? जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून एकदा बाल आनंद मेळावा भरतो. मुलं घरची मेथी, पापड, भेळ घेऊन पटांगणात दुकानं मांडतात, गावकरी गिऱ्हाईक होतात. तिसरीतली मुलगी भेळेचे पंधरा घेऊन पन्नासची मोड देताना बोटांवर मोजते, चुकते, पुन्हा मोजते, आणि दुपारपर्यंत सरसर द्यायला लागते. दोन तासांत हा बदल डोळ्यांदेखत होतो. मेळावा वर्षातून एकदाच भरतो आणि सातवीनंतर बहुधा बंदच होतो, नेमकी तेव्हाच मुलं कामाला लागायच्या वयाकडे सरकत असतात. पेण-रोह्याच्या शाळांनी तो महिन्यातून एकदा भरवला आणि नववी-दहावीपर्यंत नेला, गिऱ्हाईक म्हणून नाक्यावरच्या कांदेवाल्या मावशींनाच बोलावलं, तर आठवीपर्यंत तरी त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास शोधावा लागणार नाही. तिथे 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच.